समुद्राचं मोझॅक करायचंय? मग निळ्या टाइल्स जरा बाजूला ठेवा

माझं माहेर रत्नागिरीचं, राहते पुण्यात. चार वर्षांपूर्वी बाल्कनीच्या भिंतीवर लावायला म्हणून समुद्राचं एक मोझॅक (काचेच्या बारीक कपच्या जोडून केलेलं चित्र) करायला घेतलं आणि त्यात जेवढ्या म्हणून चुका करता येतात तेवढ्या सगळ्या केल्या. पावसाळ्यात पाया फुगला, कपच्या एकेक करून कुंडीत पडल्या, आणि जे उरलं ते समुद्रापेक्षा बाथरूमच्या भिंतीसारखं जास्त दिसायचं. त्यानंतर मिस्त्री लोकांना विचारून, जुनी रोमन कामं फोटोत मोठी करकरून बघून आणि हात कापून घेऊन जे काही शिकले ते इथे क्रमाने लिहितेय. ज्यांनी आजवर एकही कपची तोडलेली नाही त्यांच्यासाठी आहे हे.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे दुकानात जाऊन नुसतं "मोझॅक" म्हणालात तर दुकानदार जुन्या फ्लॅटमध्ये असायची ती ठिपक्याठिपक्यांची मोझॅक फरशी दाखवणार, नाहीतर "गच्चीला चायना मोझॅक करायचंय का" विचारणार. "ग्लास मोझॅक" म्हणा, तेही नाही कळलं तर "स्विमिंग पूलच्या बारीक टाइल्स" म्हणा, लगेच कळतं.

## सामान काय काय लागेल

पहिलं काम एक फूट बाय एक फुटाचंच करा, ऐका माझं. त्यासाठी:

- ग्लास मोझॅक, २० बाय २० मिलिमीटरचे तुकडे, जाडी साधारण ४ मिलिमीटर. शीटवर मिळतात, एका शीटवर बहुतेक १५ बाय १५ म्हणजे २२५ तुकडे असतात. एक फुटाला एका शीटएवढा माल पुरतो, पण एकाच रंगाची शीट घेऊ नका, दुकानात उरलेल्या अर्ध्यामुर्ध्या शीट असतात त्या मागा
- चाकाचा निपर. दोन छोटी गोल चाकं असलेली पकड असते ती. साध्या पकडीने काच तुटत नाही, चुरा होते
- १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय किंवा सिमेंट बोर्ड
- टाइल अॅडहेसिव्ह, पांढरं. करड्याने काचेचे रंग मरतात
- ग्राउट, म्हणजे कपच्यांमधले सांधे भरायची सिमेंटची पूड, १ किलोचं पाकीट (अर्धं उरेल)
- गॉगल, एन-९५ मास्क, रबरी हातमोजे
- चिमटा, जुने टूथब्रश, स्पंज, दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं टोकदार काहीतरी (मी दाभण वापरते)

प्लाय पुण्यात टिंबर मार्केटला तुकड्यात कापून मिळतो, बारीकसारीक हत्यारं बोहरी आळीत. निपर मात्र मला ऑनलाइनच मागवावा लागला.

घरातलं पण सामान काढा. फुटलेल्या कपबशा, आणि काचेच्या बांगड्या. घरात बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, तर माझ्याकडे अशा वाढलेल्या हिरव्या बांगड्यांचा एक डबाच आहे, कारण वळणदार काच दुसरीकडे कुठे आयती मिळत नाही आणि लाटेचा वळसा किंवा शेवाळाची काडी त्या तुकड्याने जशी जमते तशी कापून जमत नाही. शिंपल्या हव्या असतील तर तिसऱ्यांचं (त्या खायच्या शिंपल्या असतात त्यांचं) जेवण करा आणि शिंपल्या उकळून घासून ठेवा. किनाऱ्यावरून उचललेल्या असतील तर दोनतीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, नाहीतर आतलं मीठ नंतर पांढरं होऊन वर येतं. प्रवाळाचे तुकडे मात्र उचलू पण नका आणि विकत पण घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते संरक्षित आहेत, काही शंख-शिंपलेसुद्धा त्यात येतात.

## १. आधी समुद्र नीट बघा

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. समुद्र म्हणजे निळा असं डोक्यात घेऊन आपण तीन निळ्या शीट उचलतो. मी पण तेच केलं होतं.

आमच्या रत्नागिरीत पांढरा समुद्र आणि काळा समुद्र अशी दोन ठिकाणांची नावंच आहेत, वाळूच्या रंगावरून पडलेली. लहानपणापासून ही नावं तोंडात असून मी निळं मोझॅक करायला बसले, याला काय म्हणायचं. जूनजुलैमधला समुद्र बघा, जास्त दूध घातलेल्या चहासारखा असतो. पाऊस सरला की किनाऱ्याजवळ हिरवट, लांबवर गडद. संध्याकाळी ढग असतील तर शिशासारखा. निळा असतोच, पण तो लांबचा आणि स्वच्छ आभाळाचा, आणि तेव्हाही त्यात करडा हिरवा जांभळा असं बरंच काही असतं.

रोमन लोकांना हे पक्कं माहीत होतं. इटलीतल्या पॉम्पेई शहरातल्या 'हाऊस ऑफ द फॉन' या घरातलं माशांचं मोझॅक आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. मधोमध ऑक्टोपस आणि शेवंड (लॉब्स्टर) यांची जुंपलीय, भोवती मासेच मासे, आणि मागचं पाणी गडद, जवळजवळ काळं. इ. स. ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं शहर ते, म्हणजे काम त्याच्याही आधीचं. आणि रोमजवळच्या ओस्तियाला नेपच्यूनचं, म्हणजे रोमन समुद्रदेवाच्या नावाचं, स्नानगृह आहे तिथली फरशी तर नुसती काळी-पांढरी, एक निळी कपची नाही, तरी बघितल्यावर सगळं सळसळतंय असं वाटतं. हे कशामुळे होतं ते पुढे तिसऱ्या पायरीत सांगते, सगळी मेख तिथेच आहे.

तर करायचं काय, एकाच जागेचे तीन वेगवेगळ्या वेळचे फोटो काढा आणि त्यातले रंग शब्दात लिहा. "निळा" लिहायला बंदी. ताकासारखा, शेवाळी, आळवाच्या पानाच्या मागच्या बाजूसारखा, असं लिहा. त्या यादीवरून टाइल्स निवडा. माझ्या डब्यात आता निळ्यापेक्षा करड्या आणि मळकट हिरव्या कपच्या जास्त आहेत.

## २. विषय एकच घ्या, आणि तो बांगडा असू द्या

सूर्यास्त, होडी, माड, लाटा, सीगल असं सगळं एका फुटात कोंबू नका.

बांगडा का, तर एक म्हणजे तो फूटभर चौकटीत तिरका ठेवला की खऱ्या मापाचा बसतो, आणि दुसरं, त्याच्या अंगावर रेघा आयत्या असतात. पाठ निळसर हिरवी, तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या गडद रेघा, पोट चांदीसारखं, आणि कल्ल्यामागच्या पराजवळ एक काळा ठिपका. हा ठिपका विसरू नका, आमच्याकडे आलेल्या मावशीने मोझॅक बघून पहिलं तेच विचारलं, "ठिपका कुठाय गो?"

बाजारातून ताजा बांगडा आणा, पेपरवर ठेवा, पेन्सिलीने कड काढून घ्या, फोटो काढा, मग खुशाल तळा. पापलेट पण चांगला, पण तो एवढा फिका आणि सपाट की नवख्याच्या हातून नुसता पांढरा गोळा होतो.

## ३. रेघांचं चित्र काढा (इथे घाई केली तर सगळं गेलं)

मोझॅकमध्ये रंग तुम्ही लावता, पण पाणी दिसतं ते रांगांमुळे. कपच्या ज्या दिशेने एकामागे एक बसतात तिकडे डोळा सरकत जातो. इटालियन लोक याला आंदामेंतो म्हणतात, म्हणजे साधारण चाल. ओस्तियाची ती काळी-पांढरी फरशी हलते ती या चालीवर.

म्हणून रंगीत चित्र काढण्याआधी नुसत्या रेघांचं चित्र काढा. एक रेघ म्हणजे कपच्यांची एक रांग. शांत पाणी असेल तर रांगा आडव्या. लाट असेल तर रांगा तिच्या पाठीवरून वर चढून पुढे वळतात, आणि जिथे लाट फुटते तिथे रांगच मोडायची, वेड्यावाकड्या कपच्या कशाही, कारण फेसाला दिशा नसते. लांबचं दाखवायचं तर वरवर जाताना रांगा अरुंद करत न्या, कपच्या बारीक. खालपासून वरपर्यंत सगळ्या एकाच मापाच्या राहिल्या तर समुद्र उभा राहतो, भिंतीसारखा. माझं पहिलं काम बाथरूमच्या भिंतीसारखं दिसायचं त्याचं कारण हेच होतं.

माशाभोवती काय करायचं? बांगड्याची कड झाली की त्याला चिकटून पाण्याच्या रंगाची एक पूर्ण रांग त्याच आकारात फिरवा, कडेकडेने, आणि मग पुढे आडव्या रांगा सुरू करा. जुन्या कामांमध्ये ही एक रांग सगळीकडे सापडते. ती नसेल तर आडव्या रांगा माशाच्या अंगावर येऊन आपटतात आणि तिथे तिकोनी भोकं उरतात, ती भरायला मग बारीक चुरा कोंबायचा, ते लांबूनसुद्धा ओंगळ दिसतं.

माशाच्या अंगावर रांगा डोक्याकडून शेपटीकडे, कधीच आडव्या कापून नाही. पाण्यात १० मिलिमीटरच्या कपच्या चालतात (म्हणजे एका टाइलचे चार तुकडे), माशात ५-६ मिलिमीटरच्या लागतात, नाहीतर उंचीला जेमतेम पाचसहा रांगा बसतील आणि त्यात पाठ पोट रेघा काहीच मावणार नाही. एकूण हजारभर कपच्या होतात. मला तासाला पन्नासएक बसवता येतात, म्हणजे हिशोब करा, दोनतीन शनिवार-रविवार गेले.

अजून एक, वीट रचताना गवंडी जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाही तसंच इथे, शेजारच्या रांगांचे सांधे एकमेकांसमोर आले की चौकड्यांची वही दिसायला लागते.

कपच्या न चिकटवता कागदावर मांडून बघा आणि मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात मासा दिसेनासा झाला तर रंग कितीही वेगळे असोत, उजेड-अंधार सारखाच आहे, पाणी गडद करा किंवा मासा उजळ करा. ही एक ट्रिक मला आधी कुणी सांगितली असती तर माझे दोन महिने वाचले असते.

## ४. पाया

एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) नको. स्वस्त असतं, गुळगुळीत असतं, आणि पहिल्या पावसाळ्यात पापडासारखं फुगतं. घराच्या आत लावायचं तर मरीन प्लाय, बाहेर किंवा ओल येते तिथे सिमेंट बोर्ड. प्लायला सगळ्या बाजूंनी, कडा आणि मागची बाजू धरून, पांढरा लाकडाचा गम पाण्यात पातळ करून एक हात मारा आणि वाळल्यावर पुढच्या बाजूला कटरने तिरक्या रेघा ओढून ठेवा, पकड येते. मागचे हूक आत्ताच बसवा, नंतर ड्रिल मारलं की पुढच्या कपच्या हादरतात.

## ५. कपच्या तोडणं

शीटला कागद किंवा जाळी असते ती आधी कोमट पाण्यात भिजवून काढा. जाळीचा गम चिवट असतो, तो रात्रभर भिजू द्या.

निपर धरायची पद्धत सगळे चुकतात. पूर्ण टाइल चाकांच्या मध्ये घालायची नाही, नुसती कड, दोनतीन मिलिमीटर, आणि चाकं जिकडे तोंड करून आहेत तिकडे काच तडकत जाते. दाबायचं पण झटका नाही द्यायचा. पहिल्या पन्नास टाइल्स वाया जाणार असं धरून चला, तरी तो चुरा टाकू नका, फेसाला लागतो. काही महिन्यांनी धार गेली की चाकाचा स्क्रू सैल करून चाक थोडं फिरवा, नवी धार समोर येते.

गॉगल घालाच. चष्मा आहे म्हणून चालत नाही, बाजूने येतं. एका मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून तोडलं तर तुकडे उडत नाहीत. फरशीच्या किंवा कपबशीच्या तुकड्यांना ग्राइंडर लावणार असाल तर पाणी टाकत टाकत आणि मास्क लावून, ती कोरडी धूळ फुप्फुसाला फार वाईट. काम झाल्यावर झाडू मारू नका, आधी ओल्या फडक्याने पुसा आणि बारीक काच राहिली असेल तिथे कणकेचा गोळा दाबून दाबून फिरवा. गोळा अर्थातच नंतर फेकायचा, गाईला वगैरे नाही!

## ६. चिकटवणं, सरळ की उलटं

सरळ पद्धत म्हणजे पायावर थेट. समुद्राला मला हीच आवडते, कारण प्रत्येक कपची किंचित वेगळ्या कोनात कलती बसवता येते आणि त्यामुळे तुम्ही चालताना उजेड वेगवेगळ्या ठिकाणी चमकतो, ऊन पडलेल्या पाण्यावर चमकतो तसा.

उलटी पद्धत टेबलासाठी किंवा जमिनीसाठी, जिथे वरची बाजू सपाट हवी. यात ब्राऊन पेपरवर मैद्याची खळ लावून कपच्या तोंड खाली करून चिकटवतात, मग सगळं उचलून अॅडहेसिव्हवर पालथं टाकतात आणि वाळल्यावर कागद भिजवून काढतात. सापळा एकच पण सगळे पडतात त्यात, चित्र आरशातल्यासारखं उलटं काढावं लागतं. माझा एक मासा डावीकडे जायचा तो उजवीकडे गेला, ठीक आहे, पण खाली नाव घातलं होतं ते पण उलटं आलं.

अॅडहेसिव्ह कालवताना पाण्यात पावडर टाका, पावडरीत पाणी नाही. दहा मिनिटं तसंच राहू द्या आणि पुन्हा एकदा ढवळा. वाटीभरच करा. पायावर एका वेळी तळहाताएवढ्या जागेत पसरा, दोनतीन मिलिमीटर जाड, कारण त्यावर साय धरली की कपची वरवर चिकटल्यासारखी वाटते आणि चार दिवसांनी निघते. बोट लावून बघा, बोटाला लागलं नाही तर खरवडून फेका, पाणी टाकून पुन्हा मऊ करायचा मोह आवरा. सांध्यातून वर आलेलं तेव्हाच दाभणाने काढा. कपच्यांमध्ये फट एक ते दोन मिलिमीटर.

साधा पांढरा लाकडाचा गम (ज्याला आपण सगळे सरसकट फेविकॉल म्हणतो) आतल्या कोरड्या भिंतीसाठी चालतो, पण ओल लागणार असेल तिथे नाही, तो पाण्याने मऊ पडतो. माझ्या कपच्या कुंडीत गेल्या त्या यामुळे.

पारदर्शक काच वापरत असाल तर मागचं अॅडहेसिव्ह दिसतं, खाचा, बुडबुडे, सगळं, म्हणून कपचीच्या पाठीला आधी सपाट लेप देऊन मग बसवा. आरशाचे तुकडे चमकेसाठी चांगले, पण मागचा मुलामा खाऱ्या हवेत कडेने काळा पडत येतो. लावायचेच तर न्यूट्रल सिलिकॉनने, आंबट वासाचं सिलिकॉन त्या मुलाम्याला खातं.

## ७. सांधे भरणं

चिकटवल्यावर किमान २४ तास हात लावू नका. पावसाळ्यात दोन दिवस.

ग्राउटचा रंग म्हणजे अख्ख्या चित्रावर ओढलेल्या हजार रेघांचा रंग, तो शेवटी दुकानात जे असेल ते असा ठरवू नका. पांढरं घेतलं तर प्रत्येक कपची सुटी सुटी दिसते आणि रांगांची चाल मेली. मध्यम करडं सगळ्यात सुरक्षित. गडद करड्याने काचेचे रंग उठून येतात, बांगड्याला तेच घ्या. प्लायच्या एका तुकड्यावर दहाबारा कपच्या लावून आधी करून बघा, वाळल्यावर रंग बराच फिका होतो.

घट्टपणा श्रीखंडाएवढा. हातमोजे घालून (सिमेंटने हात फाटतात) सगळ्या बाजूंनी, सांध्यांना तिरकं, दाबून भरा. वरचं सगळं झाकलं जातं आणि पोटात गोळा येतो, चित्र गेलं असं वाटतं, जात नाही. तिसऱ्यांच्या शिंपल्या लावल्या असतील तर त्यांना आधी चिकटपट्टी लावून झाका, खरखरीत पाठीत ग्राउट एकदा बसलं की निघत नाही.

## ८. पुसणं

वीसेक मिनिटांनी, सांध्यातलं ग्राउट बोटाने दाबलं तर दबत नाही असं झालं की, घट्ट पिळलेल्या स्पंजने हलक्या हाताने. पाणी टपकत असेल तर सांधे धुऊन जातात. मग अर्ध्या तासाने कोरड्या कापडाने, आणि शेवटी वर्तमानपत्राच्या बोळ्याने काच चमकवा. कोपऱ्यात टूथब्रश.

फोन आला म्हणून मी एकदा तीन तासांनी आले. नंतर आठवडाभर खरवडत होते. त्यावर कुणीतरी सांगितलं संडास धुवायचं अॅसिड मार, नका मारू, ग्राउट तर खातंच पण शिंपल्या आणि संगमरवर दोन्ही अॅसिडने विरघळतात, व्हिनेगरनेसुद्धा.

दोन दिवस ओलं फडकं वरून टाकून ठेवा, सांध्यांना चिरा जात नाहीत.

## ९. भिंतीवर लावणं

एक फुटाचं वजन साधारण अडीच किलो भरतं, साध्या खिळ्यावर सोडू नका, रावळप्लग आणि स्क्रू. दोन बाय दीड फुटाचं केलंत तर सातआठ किलो, तिथे दोन हूक. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, साध्याला गंज चढून भिंतीवर तपकिरी ओघळ येतात.

आणि समोरून पांढरी ट्यूब मारू नका. बाजूने तिरका उजेड येईल अशी भिंत शोधा, खिडकीला काटकोनात असलेली. माझा बांगडा आता तशाच भिंतीवर आहे, दिवसभर काळपट दिसतो आणि पाच वाजता ऊन आत आलं की साधारण दहा मिनिटं पोट चमकतं.